स्पीकर पाहावेत बदलून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात मला आणखी एक भर घालावीशी वाटते: जुन्या स्पोर्ट्स कारचे स्पीकर पाहावेत बदलून. घर आणि लग्न यांत सल्ला देणारे निदान घरचे तरी असतात. इथे वाटेल तो सल्ला देतो, आणि प्रत्येकाच्या सल्ल्यात एक वॅटचा आकडा असतो.

स्पीकर आणि होस्टेल यांचं नातं तुम्हाला सांगायला नको. आमच्या वेळी, म्हणजे २०१० ते २०१४ या काळात, प्रत्येक विंगमध्ये एक तरी माठ असायचा आणि त्यात पाणी कधीच नसायचं. जुन्या बाजारातून सहा इंची कार स्पीकर आणायचा, माठाच्या तोंडावर उपडा ठेवून कडेनं एम-सील लावायचं, कॉम्प्युटरच्या एसएमपीएसवरून ॲम्प्लिफायरला बारा व्होल्ट द्यायचे, की गॅदरिंगपर्यंतची सोय झाली. रेक्टर सर राउंडला निघाले की आधी माठ गप्प व्हायचा, मग आम्ही. टेबलावर नुसता ठेवला तर डबड्यासारखा वाजणारा तोच स्पीकर माठावर बसला की एवढा भरदार का होतो, या प्रश्नाचा पुढे साता समुद्रापार मला फार उपयोग झाला. ती ही हकिकत.

मिशिगनमध्ये एमएस करून मी डेट्रॉइटजवळ नोकरीला लागलो. तिथल्या गणेशोत्सवात काकांची ओळख झाली. काका मूळचे सांगलीचे, १९७८ मध्ये अमेरिकेत आलेले, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करून निवृत्त झालेले. वय तेव्हा ७४. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि गॅरेजमध्ये त्यांची गाडी, एवढाच संसार.

गाडी म्हणजे माझदा एमएक्स-५. तिकडे तिला मियाटा म्हणतात. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि १९९७ पर्यंत तिची पहिली पिढी बनत होती. दोनच सीट, कापडी छप्पर, इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना, वजन जेमतेम टनभर, आणि बेडकानं डोळे वटारावेत तसे बटण दाबल्यावर वर येणारे हेडलाइट. काकांची गाडी १९९४ ची, १.८ लिटरची, लाल. मिशिगनमध्ये हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पत्रा खातं, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल ही बाईसाहेब गॅरेजमध्ये पांघरूण घेऊन झोपलेली असे.

२०२२ च्या एप्रिलमध्ये पांघरूण निघालं तेव्हा उजव्या दारातला स्पीकर मुका झाला होता आणि डावा भांड्यात खडे हलवावेत तसा वाजत होता. अठ्ठावीस वर्षांत कोनचा कागद ओलाव्यानं मऊ होऊन फाटला होता. त्यात नवल काहीच नाही.

"अरे इंजिनिअर, जरा हे स्पीकर बघ की," काका म्हणाले. "नवे बसवू. पण दणदणाट नको."

"मग कसे हवेत, काका?"

"शब्द कळले पाहिजेत."

शब्द कुठले, ते त्यांनी मग दाखवलं. बिस्किटांच्या डब्यात आठ कॅसेट. १९८० च्या दशकात भारतातून अमेरिकेत फोन लावणं म्हणजे चैन होती. पत्र लिहायला काकांच्या आईला फारसं जमत नसे. म्हणून त्या शेजाऱ्यांच्या टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायच्या आणि अमेरिकेला निघालेल्या कुणाच्या तरी हाती कॅसेट पाठवायच्या. पाऊस किती झाला, गाय व्यायली, कुणाचं ठरलं, दूध उतू जातंय थांब जरा, आणि मग दोन मिनिटं नुसती भांड्यांची आदळआपट. काका या कॅसेट फक्त गाडीत ऐकत. घरात ऐकल्या की बसून राहायला होतं, गाडीत ऐकलं की पुढे जायला होतं, असं ते म्हणायचे.

आता खरी अडचण. काकांना ऐकू कमी येत होतं. त्यांची मुलगी, आमची ताई, शिकागोला असते. तिचा मला फोन आला. "तू मोठे स्पीकर बसवून देशील, बाबा आवाज वाढवतील, आणि जे काही ऐकू येतंय तेही जाईल. छप्पर उघडून भरधाव जायचं आणि वर ढणढण लावायचं, यापेक्षा गाडी विकलेली बरी. मी त्यांना तसं सांगणार आहे." तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. कामाच्या जागेच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. कान हा काही बदलून मिळणारा स्पीकर नाही.

तेव्हा काम नुसतं स्पीकर निवडण्याचं राहिलं नाही. आवाज न वाढवता शब्द कळायला हवे होते, नाहीतर गाडी जाणार होती. मी ताईकडून काकांचा ऑडिओग्राम मागवून घेतला. बोडे प्लॉट काढून काढून ज्यांची बोटं झिजली आहेत, त्यांना हा आलेख लगेच ओळखीचा वाटेल. काकांचा कान १००० हर्ट्झपर्यंत बराच धड होता, २००० पासून उतार लागला होता आणि ४००० ला मोठा खड्डा. अगदी लो पास फिल्टर! म्हातारपणी बहुतेकांचं ऐकणं असंच वरच्या बाजूनं झिजत येतं. गंमत अशी, की भाषेतले स्वर, म्हणजे आ, ई, ऊ, हे खालच्या फ्रिक्वेन्सीत आणि जोरकस असतात. स, श, च, त, फ ही व्यंजनं वरच्या पट्ट्यात आणि दुबळी असतात. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला तुमचा आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. आपण ओरडून सांगतो तेव्हा स्वरच मोठे होतात, आणि मग "ओरडतोस कशाला?" म्हणून बोलणीही खावी लागतात. आजोबांशी बोलताना ही गोष्ट लक्षात ठेवा. ओरडू नका, सावकाश आणि स्पष्ट बोला.

कानातलं मशीन काकांकडे होतं, पण छप्पर उघडलं की वारा मशीनच्या माइकवर आपटून नुसता घोंघाट करायचा, म्हणून गाडीत ते काढून ठेवत.

पुढचा प्रश्न वाऱ्याचा. एका रविवारी मी मोबाईलवरच्या ॲपवर आवाज मोजला. ते ॲप काही लॅबमधलं इन्स्ट्रुमेंट नव्हे, पण तुलना करायला पुरे. छप्पर उघडं, काचा खाली, हायवेला ताशी ६५ मैल: ८८ ते ९०. काचा वर, सीटमागे वारा अडवणारी जाळी, आणि ताशी ४० मैल: ७५ च्या आसपास. म्हणजे पंधरा डेसिबलची कमाई स्पीकरला हात न लावता झाली. कुठलाही स्पीकर वारा कमी करू शकत नाही, तो फक्त वाऱ्यापेक्षा मोठ्यानं बोलू शकतो. ताईला मी हे आकडे पाठवले आणि काकांशी तह झाला: कॅसेट लावायची तर हायवे नाही. वुडवर्ड ॲव्हेन्यूवरून जायचं. डेट्रॉइटपासून पाँटिॲकपर्यंत जाणारा हा रस्ता तसाही जुन्या गाड्यांचं माहेर आहे. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये तिथे जुन्या गाड्यांची मोठी जत्रा भरते. तिथे सावकाश चालवणाऱ्याला कुणी हसत नाही.

शिवाय वाऱ्याचा घोंघाट मुख्यतः खालच्या फ्रिक्वेन्सीत असतो. उघड्या गाडीत बास तो गिळून टाकतो. म्हणजे बाससाठी पैसे घालणं व्यर्थ, आणि काकांच्या कानाला १०,००० हर्ट्झची चमचम काय कामाची? उरला मधला पट्टा. आपल्या अभ्यासात टेलिफोनचा बँड ३०० ते ३४०० हर्ट्झ असा येतो. तेवढ्या पट्ट्यावर जगानं शंभर वर्षं सुखदुःखं कळवली. मला तोच पट्टा स्वच्छ हवा होता, वरच्या टोकाला थोडा उचललेला.

मग दुकानं. एका दुकानातल्या मुलानं मला खोका दाखवला: ३०० वॅट. पुढे बारीक अक्षरात 'पीक'. मित्रांनो, हे गणित स्वतः करून बघा, व्हायवाला उपयोगी पडेल. गाडी चालू असताना बॅटरीला साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. डॅशबोर्डमधल्या टेपच्या ॲम्प्लिफायरचं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असलं तरी ४ ओहमच्या स्पीकरला साइन वेव्हची जास्तीत जास्त पॉवर मिळते ती १४.४ चा वर्ग भागिले ८, म्हणजे सुमारे २६ वॅट. ट्रान्झिस्टरमधली घट धरली की हातात अठरा-वीस उरतात. टेपच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असतं ते कुठून येतं, ते छापणाऱ्यालाच ठाऊक. अठरा वॅट देणाऱ्यापुढे तीनशे वॅट खाणारा स्पीकर ठेवणं म्हणजे मेसच्या वाटीभर आमटीत डोंगराएवढा भात कालवणं.

बघायचा आकडा वेगळाच असतो: सेन्सिटिव्हिटी. एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल. दर ३ डेसिबलला पॉवर दुप्पट लागते. म्हणून ८६ डेसिबलच्या स्पीकरला ७२ वॅट लागतील तिथे ९२ च्या स्पीकरला १८ पुरतात. मी दारांसाठी निवडले ते साडेसहा इंची, हलक्या कागदी कोनचे, रबरी कडेचे, ९१ डेसिबलचे. दिसायला अगदी गरीब. दुकानातल्या मुलानं माझ्याकडे पाहिलं ते मी कँटीनमध्ये उधारी मागितल्यासारखं.

आता माठाची गोष्ट. स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. दोन्ही लाटा आकारानं सारख्या, खुणेनं उलट. मध्ये आडोसा नसेल तर खालच्या फ्रिक्वेन्सीत त्या एकमेकींना मारून टाकतात. माठ मागची लाट पोटात कोंडून घेतो, म्हणून पुढची जिवंत राहते. आपण याला ध्वनीचं शॉर्ट सर्किट म्हणू. गाडीचं दार म्हणजेसुद्धा एक माठच, पण भोकं पडलेला. आतला पत्रा जागोजागी कापलेला असतो आणि वर प्लास्टिकचा एक पातळ पडदा चिकटवलेला असतो. महागडा स्पीकर अशा दारात नुसता स्क्रूनं ठोकला तर तो टेबलावर ठेवलेल्या स्पीकरसारखाच वाजणार.

म्हणून निम्मा वेळ दारावर गेला. पॅनेल काढलं, पडदा सोडवला, पत्र्यातली मोठी भोकं ॲल्युमिनियमच्या पाठीची ब्युटिलची चिकट शीट लावून बुजवली. दाराच्या तळाला पाणी जायची भोकं असतात, ती मात्र मोकळी ठेवली. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते अडलं की गंज चढतो. स्पीकर थोडा बाहेर आणायला रिंग लागते. लाकडाच्या भुश्याचा बोर्ड ओलाव्यानं फुगतो, म्हणून भाजी चिरायचा पांढरा प्लास्टिकचा बोर्ड कापून रिंगा केल्या. रिंग बसवायच्या आधी काच पूर्ण खाली घेऊन मॅग्नेट तिला लागत नाही ना, ते पाहिलं. तेवढं आधीच मोजायला हवं. काच फुटल्यावर मोजून उपयोग नाही. दोन्ही स्पीकरची खूण दीड व्होल्टच्या सेलनं तपासली. प्लसला प्लस लावल्यावर कोन बाहेर आला पाहिजे. एक उलटा लागला तर डावा-उजवा मिळून एकमेकांचा बास खाऊन टाकतात. मूळ वायर कुठेही कापली नाही, मधे जोडणीची वायर वापरली.

तरी एक अडचण राहिलीच. या गाडीत दारातले स्पीकर पोटरीकडे तोंड करून असतात. १०० हर्ट्झची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या जवळ, ती कुठेही वळते. ४००० हर्ट्झची साडेआठ सेंटिमीटर, ती टॉर्चच्या झोतासारखी सरळ जाते. म्हणजे काकांना हवा असलेला 'स' आणि 'श' त्यांच्या गुडघ्याला छान ऐकू येणार!

याचं उत्तर गाडीतच होतं. त्या काळातल्या काही मियाटांना सीटच्या डोक्याच्या टेकूत छोटे स्पीकर दिलेले असत. काकांच्या गाडीतही होते, कधीच मेलेले. दारापासून काकांच्या कानापर्यंतचं अंतर मी टेपनं मोजलं: ८० सेंटिमीटर. टेकूपासून: १०. मोकळ्या हवेत अंतर निम्मं झालं की ६ डेसिबल मिळतात, आणि छप्पर उघडलेली गाडी मोकळ्या हवेच्या बरीच जवळ. ऐंशीचे दहा म्हणजे तीनदा निम्मे, म्हणजे १८ डेसिबल. छोटा स्पीकर ८५ चा असला तरी दारातल्याच्या बारा पावलं पुढे. त्याला ३०० हर्ट्झच्या खाली काही जमत नाही, पण ते काम दारांचं. दोघांनी मिळून एक आवाज करायचा.

नवा टेप साधाच घेतला, तेरा पट्ट्यांचा इक्वलायझर असलेला. पुढचे दोन आउटपुट दारांना, मागचे दोन सीटना. २००० ते ४००० चा भाग चार-पाच डेसिबल उचलला, १५० च्या खालचं उतरवलं. आवाजाची वरची मर्यादा टेपमध्येच बांधून टाकली आणि ताईला कळवलं. कॅसेट जुन्या डेकवर एकेक करून लॅपटॉपवर उतरवल्या. चालत्या गाडीत मूळ कॅसेट लावून फीत गुंतली असती तर ती पुन्हा कुठून आणणार होतो? सगळा खर्च अडीचशे डॉलरच्या आत.

आठ कॅसेटपैकी सात काकांना जवळजवळ पाठ होत्या. त्यामुळे त्या कळल्या काय आणि न कळल्या काय, कान विसरलेलं डोकं भरून काढत होतं. खरी परीक्षा आठवीची. तिच्या आतली फीत दाबून धरणारी छोटी गादी गळून पडली होती आणि ती कित्येक वर्षं वाजली नव्हती. दुसऱ्या कॅसेटच्या घरात फीत घालून मी ती वाजती केली होती. मशीन लावून घरीच ऐका म्हटलं, तर म्हणाले, "गाडीतच ऐकू."

सप्टेंबर २०२२ मधली संध्याकाळ. वुडवर्डवर ताशी ४० मैल, काचा वर, छप्पर उघडं. टेपचा आवाज इतका बेताचा, की शेजारच्या लेनमधल्या गाडीला पत्ता नव्हता. सांगलीच्या स्वयंपाकघरात काकांच्या आई बोलत होत्या. पावसाचं झालं, विहिरीचं झालं. मग त्या म्हणाल्या, "साय काढताना तुझी आठवण होते बघ."

काकांनी पुढच्या सिग्नलला गाडी थांबवली. "साय म्हणाली ना रे?"

"हो काका. साय."

"आय नाही ना?"

"नाही. साय."

सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न दिला, तो दोघांनाही ऐकू आला.

त्यानंतर काकांनी दोन उन्हाळे गाडी चालवली. २०२४ मध्ये डोळ्यांच्या तपासणीनंतर त्यांनी आपण होऊन गाडी विकली. ताईला सांगावं लागलं नाही. एका तरुण जोडप्यानं ती घेतली. दारातले स्पीकर गाडीबरोबर गेले; टेकूतले मात्र काकांनी मला काढून घ्यायला लावले. ते आता त्यांच्या घरातल्या आरामखुर्चीत, डोक्याच्या दोन बाजूंना, बारा व्होल्टच्या एका छोट्या ॲम्प्लिफायरवर चालतात. एसएमपीएस जुन्या कॉम्प्युटरचाच आहे. इतकी वर्षं होस्टेलमध्ये राहिल्याचा काहीतरी फायदा व्हायला नको का?

ज्युनिअर मंडळी, तुम्ही लवकरच प्रोजेक्टचे विषय शोधायला लागाल. कुणीतरी तुम्हाला खोक्यावरचा मोठा आकडा दाखवेल. त्याआधी एवढंच विचारा, की हे कुणाच्या कानासाठी, कुठल्या दारात आणि किती वाऱ्यात वाजणार आहे. तीन उत्तरं मिळाली की निम्मा कॅटलॉग आपोआप गळून पडतो. उरलेल्या निम्म्यात बहुतेक वेळा स्वस्तातलंच काहीतरी चालून जातं. आणि हो, विंगमधला माठ फोडू नका. त्याच्या पोटात एका अख्ख्या सेमिस्टरचा सिलॅबस आहे.